साहेबांनी ध्यान केलं तर टीमचा ताण कसा कमी होतो? (महिनाअखेरचं क्लोजिंग आणि 'सजग नेतृत्व')

ताळेबंद

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात ११ जणांची टीम सांभाळतो. व्हेंडरांची बिलं, बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या नोंदींशी हिशोब जुळवणं), टीडीएस, जीएसटी असं सगळं आमच्याकडेच. २८ तारखेला क्लोजिंग (महिन्याचे हिशोब बंद करणं) सुरू होतं ते पुढच्या महिन्याच्या ५ पर्यंत. मग ७ ला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. निवांत म्हणावेत असे दिवस फारच थोडे.

एचआरने सगळ्या मॅनेजरांना 'सजग नेतृत्व' नावाच्या, ध्यानावर आधारलेल्या आठ आठवड्यांच्या कोर्सला घातलं आहे. कोर्सबद्दल तक्रार नाही. पण ध्यानाला बसणार मी आणि ताण कमी होणार टीमचा, हे गणित बसत नाही. म्हणून विचारतो:

१. मॅनेजरच्या सजगतेचा परिणाम हाताखालच्या लोकांवर होतो तो नेमका कुठल्या वाटेने?
२. ताण कमी होणं आणि कामात तल्लीन होणं, या एकच गोष्टी की वेगवेगळ्या?
३. क्लोजिंगच्या धामधुमीत करायचं काय? 'सकारात्मक राहा' छापाचे सल्ले कृपया नकोत.

---

अर्धविराम

ताळेबंदशेठ, टीमला तुमचा श्वास दिसत नाही, तुमचं वागणं दिसतं. त्यामुळे कोर्सचा जो काही परिणाम व्हायचा तो वागण्यातूनच होणार. वाटा मुख्यतः तीन.

एक म्हणजे लक्ष. कोणी खात्यातला फरक दाखवायला आलं आणि साहेब स्क्रीनवरची नजर न काढता "हं, बोल" म्हणाले, तर समोरचा निम्मंच सांगून जातो. 'हा फरक मागच्या महिन्यातही होता' हे राहिलेलं निम्मं ३ तारखेच्या रात्री बाहेर येतं. सजगतेचा सराव म्हणजे तरी काय, लक्ष भरकटलं हे ध्यानात येणं आणि ते परत आणणं. तेच इथे वापरायचं.

दुसरी वाट सगळ्यात मोठी: चिडणं आणि बोलणं यांच्यामधली फट. राग येणार, तो कोणालाच चुकलेला नाही. पण छातीत धडधड वाढली, जबडा आवळला, हे बोलण्याआधी जाणवलं तर "हे कोणी केलं?"च्या जागी "हे कुठल्या टप्प्यावर सुटलं?" तोंडातून जाऊ शकतं. पहिला प्रश्न ऐकला की माणसं स्वतःला वाचवायला लागतात, दुसरा ऐकला तर चूक शोधतात. "आज साहेबांचा मूड कसा आहे?" असं टीममध्ये एकमेकांना विचारलं जात असेल, तर प्रत्येकाच्या डोक्याचा एक कोपरा तिथेच अडकलेला आहे असं समजा. हे बिनपगारी काम बंद झालं की ताण तर उतरतोच, लक्षही मोकळं होतं.

तिसरी वाट म्हणजे वागण्यातला ठरावीकपणा. सतत कडक असलेल्या साहेबांशी लोक जुळवून घेतात. आज थट्टामस्करी आणि उद्या त्याच गोष्टीवरून आरडाओरडा करणाऱ्याशी जुळवणं फार अवघड.

पुरावा किती? २०१४ मध्ये जोखेन रेब, जयंत नारायणन आणि संकल्प चतुर्वेदी या संशोधकांनी वरिष्ठ आणि त्यांच्या हाताखालची माणसं अशा जोड्यांवर दोन पाहण्या केल्या. वरिष्ठाची सजगता जास्त, तिथे कर्मचाऱ्याचा भावनिक थकवा कमी आणि कामगिरी चांगली, असं चित्र आलं. मात्र हा सहसंबंध आहे, म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच. उलटंही असू शकतं: टीम सुरळीत चालत असेल तर तिथला साहेब शांत राहणारच. एचआरच्या स्लाइडवर ही ओळ सहसा नसते.

कोर्सचा मूळ साचाही बघून घ्या. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो सुरू केला, तो रुग्णांसाठी. आठ आठवडे, दर आठवड्याला सुमारे अडीच तासांचा वर्ग, घरी रोज ४५ मिनिटं सराव आणि मध्ये एक पूर्ण दिवस मौन. कंपन्यांमध्ये त्याचा आठवड्याला एक तास होतो आणि घरचा सराव 'जमेल तसा'. सराव गेला की व्याख्यान उरतं. ४५ मिनिटं नाही जमली तर रोज १५ करा, पण रोज करा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गोष्टी वेगवेगळ्या आहेत. कामाशी जोडलेपणा मोजण्यासाठी उट्रेख्ट विद्यापीठातल्या विल्मार शौफेली आणि आर्नल्ड बाकर यांची प्रश्नावली सर्रास वापरतात. तिच्यात उत्साह, समर्पण आणि तल्लीनता हे तीन भाग आहेत. ताण नाही म्हणून माणूस तल्लीन होतो असं नाही. कंटाळलेल्या माणसालाही ताण नसतो. तल्लीनतेवर मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांनी सांगितलेल्या अटी अशा: काय करायचं हे स्पष्ट हवं, जमतंय की नाही हे लगेच कळायला हवं आणि काम आपल्या कुवतीला ताण देणारं पण तुटू न देणारं हवं. यातली एकही अट डोळे मिटून पूर्ण होत नाही. ती कामाच्या मांडणीत आहे आणि मांडणी तुमच्या हातात आहे.

---

खतावणी

अर्धविराम यांच्याशी सहमत. तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण क्लोजिंगमध्ये टीमची तंद्री मोडणारा सगळ्यात मोठा माणूस बहुतेक वेळा मॅनेजरच असतो.

एक दिवस स्वतःचे चॅट उघडून मोजा. "आहेस का?", "एक मिनिट", "ते काय झालं?", "जरा बघ ना" असे किती निरोप गेले? "आहेस का?" हा सगळ्यात महागडा निरोप. समोरचा हातातलं सोडून "हो सर" लिहितो आणि पुढचा प्रश्न येईपर्यंत थांबून राहतो. संशोधक ग्लोरिया मार्क यांच्या २००८ च्या प्रयोगात मध्येच अडवलेल्या लोकांनी काम उलट लवकर उरकलं, पण ताण, चिडचिड आणि घाई जास्त असल्याचं सांगितलं. म्हणूनच मॅनेजरला वाटतं की टोकल्याने काम हलतं. हलतं खरं, पण त्याची किंमत टोकणारा देत नाही.

निरोप असा हवा: कशाबद्दल, काय हवं, कधीपर्यंत. "अमुक व्हेंडरच्या खात्यात ४०,००० चा फरक दिसतोय. क्रेडिट नोट धरली आहे का? उद्या ११ पर्यंत कळव." याला लगेच उत्तर लागत नाही आणि मनात धाकधूकही राहत नाही.

पुढच्या गोष्टी याच क्रमाने करा. पहिली गोष्ट बसली नाही तर पुढच्या टिकत नाहीत.

आधी क्लोजिंगच्या दिवसांत दोन अभंग वेळा ठरवा, म्हणजे कोणी कोणाला अडवायचं नाही अशा. सकाळी १० ते ११.३० आणि दुपारी २.३० ते ४ बऱ्यापैकी चालतात. (९० मिनिटांत जादू काही नाही, एका बँक खात्याचं रिकन्सिलिएशन एका बैठकीत उरकतं एवढंच.) या वेळेत चॅट बंद, फोन उलटा आणि हे मॅनेजरलाही लागू. बाहेरून येणारं सगळं एकाच माणसाकडे. तो रोज बदलायचा, नाहीतर बिचाऱ्याचं स्वतःचं काम रात्रीवर जातं. अपवाद आधीच लिहून लावा: पेमेंट परत आलं, बँकेची कट-ऑफ (पेमेंटची शेवटची वेळ) तासाभरावर आली, ऑडिटर समोर उभा आहे. बस. चौथा अपवाद घातलात की नियमच उरत नाही. हे सहसा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मोडतं आणि मोडतो तो मॅनेजर स्वतः, कारण त्याच्या वरच्याने आकडा मागितलेला असतो. वरच्याला या वेळा आधी कळवून ठेवा आणि ११.४५ ला आकडा देतो म्हणून सांगा.

मग परत येण्याची चिठ्ठी. मध्येच उठावं लागलं तर दोन ओळी लिहायच्या: कुठे थांबलो, परत आल्यावर पहिली गोष्ट कोणती. 'सस्पेन्स खातं, १४ तारखेपर्यंत जुळलं, आता १५ च्या दोन यूटीआर बघायच्या.' (सस्पेन्स म्हणजे न जुळलेल्या रकमांचं खातं, यूटीआर म्हणजे बँक व्यवहाराचा क्रमांक.) संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की काम अर्धवट सोडून दुसरं घेतलं की मनाचा एक तुकडा पहिल्यातच राहतो. पुढे त्यांनी आणि थेरेसा ग्लोम यांनी हे चिठ्ठीचं तंत्र तपासलं आणि ते उपयोगी ठरलं. याला अर्धा मिनिटही लागत नाही आणि एचआरची परवानगीही लागत नाही.

तिसरं म्हणजे "कुठवर आलं?" विचारणं थांबवायला एक उघडी शीट. खात्याचं नाव, कोणाकडे, स्थिती, अडलंय कुठे, असे चार रकाने. स्थिती तीनच: सुरू नाही, चालू, झालं. टक्केवारी ठेवू नका. सगळी खाती ८०% वर येऊन चार दिवस तिथेच बसतात.

सकाळची उभ्याउभ्याची बैठक १० मिनिटं. 'काय झालं' ते शीटवर दिसतंच, बोलायचं ते फक्त अडलेल्याबद्दल. कोणी अडचण सांगितली की मॅनेजरने पहिले काही क्षण गप्प राहावं. हे सगळ्यात कठीण आहे आणि तुमच्या कोर्सचा खरा उपयोग इथे होईल.

राहिला रात्रीचा प्रश्न. १० वाजता सुचलेलं लिहून ठेवा आणि निरोप सकाळी ९.३० ला जाईल असा लावून द्या. "लगेच उत्तर नको" अशी तळटीप चालत नाही. साहेबांचं नाव मोबाइलवर दिसलं की घरी बसलेला माणूस मनाने ऑफिसात पोचतो.

---

रोखठोक

वरचं सगळं छान, पण मूळ दुखणं बाजूला राहतंय. आधी बेरीज करा.

समजा महिनाअखेरीला २,६०० बिलं आहेत आणि दर बिलाला सरासरी ८ मिनिटं लागतात. झाले २०,८०० मिनिटं, म्हणजे साधारण ३४७ तास. त्यावर ६ माणसं, दिवसाला खरं काम ६ तास आणि हातात ६ दिवस, म्हणजे २१६ तास. खड्डा १३१ तासांचा. तो खड्डा साहेबांच्या शांत चेहऱ्याने भरत नाही. तो रात्री थांबून, शनिवारी येऊन किंवा न तपासता 'ओके' मारून भरला जातो.

कामाची ओझी आणि कामातली साधनं असा एक साचा डेमेरूटी, बाकर, नाखराइनर आणि शौफेली यांनी २००१ मध्ये मांडला. ओझं वाढलं की थकवा वाढतो. साधनं कमी पडली की माणूस कामापासून तुटतो. चांगला वरिष्ठ हे एक साधन आहे, ओझं कमी करणारी गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटची (कामाने पार थकून जाण्याची) व्याख्या करताना 'कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळला गेलेला दीर्घकाळचा ताण' असंच म्हटलं. माणसाचा दुबळेपणा असं नाही म्हटलं.

आणखी एक खडा टाकतो. २०१८ मध्ये आंद्रू हाफेनब्राक आणि कॅथलीन वोज यांच्या प्रयोगांत थोडा वेळ ध्यान केलेल्या लोकांची समोरचं काम करण्याची ओढ कमी झाली, काम मात्र बिघडलं नाही. बरोबरच आहे. मन 'आत्ता'त आलं की 'उद्याची डेडलाइन' फिकी पडते. त्यामुळे क्लोजिंगच्या सकाळी अख्ख्या टीमला डोळे मिटून बसवणं हा कार्यक्रम कृपया करू नका.

तल्लीनतेचंही कौतुक बेतानंच करा. जेवण विसरून ८ वाजेपर्यंत खात्यात बुडालेला माणूस आपल्याकडे आदर्श कर्मचारी ठरतो, आणि कंटाळून तोच सोडून जातो.

---

ताळेबंद

सर्वांचे आभार. रोखठोक, बेरीज करून बघितली. खड्डा तुमच्या उदाहरणाइतका नाही, पण आहे. त्यासाठी व्हेंडरांची बिलं २२ तारखेनंतर स्वीकारायची नाहीत, उरलेल्यांची अंदाजे रकमेची तरतूद नोंदवायची, असा प्रस्ताव वर पाठवतोय.

आता अडचण मोजण्याची. एचआरला कोर्सच्या आधी आणि नंतरचे आकडे हवे आहेत. ११ जणांच्या टीममध्ये हे कसं करतात? आणि लोक खरं लिहितील का?

---

मोजपट्टी

लिहितील, जर कागद तुमच्या हातात येणार नसेल तर. उत्तरं एचआरने किंवा दुसऱ्या विभागातल्या कोणीतरी गोळा करावीत आणि तुम्हाला फक्त सरासरी द्यावी. वय, लिंग, किती वर्षं नोकरी हे विचारू नका. ११ जणांत 'बाई, ३५ च्या पुढे, जीएसटी' म्हटलं की नावच लिहिलं.

ताणासाठी शेल्डन कोहेन यांची १० प्रश्नांची प्रश्नावली पुरते. मूळ १४ प्रश्नांची, १९८३ ची. 'गेल्या महिनाभरात' असं विचारते, प्रत्येक उत्तराला ० ते ४, एकूण ० ते ४०. यातले ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न उलटे आहेत, तिथे गुण फिरवून घ्यायचे. ते विसरलं की बेरीज निरर्थक होते, आणि एक्सेलमध्ये हे हमखास विसरतं. तल्लीनतेसाठी उट्रेख्टची ९ प्रश्नांची आवृत्ती घ्या. प्रत्येक भागाला तीन प्रश्न, गुण ० ते ६. एकूण सरासरीबरोबर तल्लीनतेचे तीन प्रश्न वेगळे काढा. ही प्रश्नावली संशोधनासाठी खुली आहे, पण कंपनीच्या कामासाठी लेखी परवानगी लागते, ते एचआरला सांगा. मॅनेजरची स्वतःची सजगता मोजायला ब्राऊन आणि रायन यांची २००३ ची १५ प्रश्नांची यादी आहे. मात्र स्वतःला सजग समजणं आणि टीमला तसं वाटणं यांत बरंच अंतर असतं, म्हणून टीमलाच तीन साधे प्रश्न टाका: मी बोलताना वरिष्ठांचं पूर्ण लक्ष असतं, चूक सांगायला मला भीती वाटत नाही, ते कसे वागतील याचा मला अंदाज असतो.

सगळ्यात मोठी चूक तारखेची होते. पहिली मोजणी ३ तारखेला आणि दुसरी १७ ला घेतली तर कोर्स न करताही ताण कमी दिसणार. दोन्ही मोजण्या महिन्याच्या एकाच तारखेला घ्या, ८ किंवा ९ ला. क्लोजिंग ताजं असतं आणि टीडीएस होऊन गेलेला असतो. मार्च-एप्रिल आणि टॅक्स ऑडिटचा सप्टेंबर टाळा. जमलं तर कोर्सआधी दोनदा मोजा, म्हणजे आकडे आपोआप किती हलतात ते कळेल. आठ आठवड्यांनी एकदा आणि मग तीन महिन्यांनी पुन्हा. नुसता कोर्स संपतानाचा उत्साह मोजण्यात अर्थ नाही.

११ जणांत सरासरी दोन-तीन गुणांनी हलली तर त्यावर भाषण करू नये. एक माणूस बाळंतपणाच्या रजेवरून परतला किंवा एकाने राजीनामा दिला तरी एवढा फरक पडतो. त्यापेक्षा सोबत कामातलेच आकडे ठेवा: क्लोजिंगनंतर उलटवलेल्या नोंदी, रात्री ८ नंतरची लॉगिन, अडचण शीटवर आली ती कितव्या दिवशी. हा शेवटचा आकडा बोलका आहे. लोक अडचण ४ ऐवजी १ तारखेला सांगायला लागले तर काहीतरी बदललं आहे.

---

शिफ्ट इनचार्ज

कारखान्याच्या बाजूने एक सावधगिरी. हे सगळं टेबलावरच्या कामाला ठीक. प्रेस शॉपमध्ये किंवा क्रेनखाली कामगार एकाच गोष्टीत बुडाला तर धोका असतो, तिथे आजूबाजूचं भान हवं. मोजायचं असेल तर पाळी बदलतानाची १० मिनिटं बघा: जाणारा येणाऱ्याला मशीनची खोडी सांगतोय का, की फक्त उत्पादनाचा आकडा? सुपरवायझर ओरडणारा असेल तर खोडी लपते आणि पुढच्या पाळीत डाय (मशीनमधला साचा) तुटते.

---

गवाक्ष

धागा आवडला. एक शंका: इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलेल्या मॅनेजरला हा कोर्स लागतो का?

---

अर्धविराम

लक्ष स्थिर ठेवायची सवय त्याला असेल, ती उपयोगी पडेल. पण शिबिरात आर्य मौन असतं, म्हणजे जवळजवळ सगळे दिवस कोणी उलटून बोलत नाही. चूक घेऊन समोर उभ्या राहिलेल्या माणसाशी कसं बोलायचं, याचा सराव तिथे होत नाही. तो ऑफिसातच करावा लागतो. आणि टीमला शिबिराला जायची गळ घालू नये. काहींचा श्रद्धेचा प्रश्न असतो, काहींना दीर्घ ध्यानात जुने आघात वर येऊन त्रास होतो. साहेबांनी सुचवलेलं ऐच्छिक असूनही ऐच्छिक राहत नाही.

---

ताळेबंद

शेवटचं विचारतो. खतावणीताई, अभंग वेळा थेट या २८ पासून सुरू करू का?

---

खतावणी

नको. क्लोजिंगमध्ये नवी शिस्त सुरू केली तर पहिल्याच दिवशी मोडते. १२ ते १९ च्या मधल्या दिवसांत सुरू करा, रोज एकच वेळ, सकाळची. तोवर अपवादांची यादी टीमकडूनच लिहून घ्या. तुम्ही लिहिलीत तर त्यात तुमचेच अपवाद भरतील. २८ ला दुसरी वेळ जोडा. आणि चॅटमधला तुमचा तो हिरवा ठिपका या वेळेत लाल ठेवा. तो हिरवा दिसला की लोक वाट बघत बसतात.